आद्य-ओशियानिक भाषेतील शब्दाची पुनर्रचना कशी करावी

मराठीच्या शब्दाचे मूळ शोधणाऱ्यापुढे शिलालेख, ताम्रपट, महाराष्ट्री प्राकृतातील गाथा आणि त्यामागे संस्कृत अशी लिखित साधनांची मोठी रांग उभी असते. ओशियानिक भाषांच्या अभ्यासकाला यातले काहीही मिळत नाही. न्यू गिनीच्या उत्तर किनाऱ्यापासून रापा नुईपर्यंत (ईस्टर बेट) आणि हवाईपासून न्यूझीलंडपर्यंत पसरलेल्या या साडेचारशेहून अधिक भाषांचा वाचता येईल असा लिखित पुरावा युरोपीय जहाजे पॅसिफिकमध्ये पोचण्यापूर्वीचा नाही, आणि त्यांची समान पूर्वज असलेली आद्य-ओशियानिक ही भाषा तर साधारण ३३०० वर्षांपूर्वी न्यू गिनीच्या ईशान्येकडील बिस्मार्क द्वीपसमूहात, नक्षीदार लापिता मातीची भांडी घडवणाऱ्या दर्यावर्दी लोकांमध्ये बोलली जात असावी, असे मानले जाते. तरीही तिचे हजारो शब्द आज बऱ्याच खात्रीने मांडता येतात. त्यासाठी वापरायची तौलनिक पद्धत कोणत्याही चिकाटीच्या वाचकाला शिकता येण्यासारखी आहे, आणि ती एकेक शब्द घेऊन कशी चालवावी हे येथे सांगितले आहे.

प्रारंभी एक गोष्ट मनाशी पक्की करावी. शब्द एकसारखे दिसतात म्हणून ते सगोत्र, म्हणजे एकाच मूळ शब्दापासून निघालेले, ठरत नाहीत. त्यांच्यातील फरक पुन्हा पुन्हा त्याच रीतीने आढळतो, म्हणून ते सगोत्र ठरतात. तुलनात्मक व्याकरणाचा मोठा जाणकार फ्रांझ बोप याने १८४१ मध्ये मलय-पॉलिनेशियन भाषांचे नाते इंडो-युरोपीय भाषांशी जोडण्याचा प्रयत्न केला होता. मलय भाषेतील ‘दुआ’ म्हणजे दोन, हे ऐकून संस्कृत जाणणाऱ्या कोणालाही तोच मोह होईल. पण त्या दोन कुलांत ध्वनींची नियमित जुळणी सापडत नाही, आणि ती सापडत नसेल तर अशी कितीही साम्ये गोळा केली तरी त्यांतून काही सिद्ध होत नाही.

साक्षीदार भाषा निवडणे

सुरुवातीला सहा भाषा घ्याव्यात: पापुआ न्यू गिनीत पोर्ट मोर्स्बीच्या परिसरात बोलली जाणारी मोटू, फिजीची प्रमाण मानलेली बाऊ बोली, आणि टोंगन, सामोअन, माओरी व हवाईयन. या सर्वांचे चांगले शब्दकोश उपलब्ध आहेत. मात्र या सहा भाषा म्हणजे सहा मते नव्हेत. शेवटच्या चार पॉलिनेशियन आहेत आणि फिजीयनसह त्या सर्व मध्य पॅसिफिक या एकाच शाखेत मोडतात. म्हणून त्या पाचांनी मिळून एखादा शब्द दाखवला तरी तो केवळ त्या शाखेच्या पूर्वजापर्यंत जातो. मोटू ही पश्चिम ओशियानिक शाखेतील असल्यामुळे दुसरे स्वतंत्र मत तिचे आहे. ॲडमिरल्टी बेटे, सेंट मथायस बेटे, आग्नेय सॉलोमन, तेमोतु, व्हानुआतू-न्यू कॅलेडोनिया आणि मायक्रोनेशिया येथील भाषा याखेरीज आहेत. सामान्य नियम असा की, शब्द किमान दोन मुख्य शाखांत मिळाला, किंवा एका शाखेत आणि ओशियानिकच्या बाहेर मलय, फिलिपाइन्समधील तागालोग यांसारख्या दूरच्या नातलग भाषेत मिळाला, तरच तो आद्य-ओशियानिक म्हणून मांडावा.

साहित्याची अडचण पडत नाही. ब्रूस बिग्ज यांनी १९६५ मध्ये ऑकलंड विद्यापीठात सुरू केलेला पॉलिनेशियन शब्दांचा तौलनिक संग्रह आणि सुमारे २१० अर्थांची यादी शेकडो भाषांतून देणारा ऑस्ट्रोनेशियन (म्हणजे ओशियानिक, मलय, तागालोग आदी सर्व ज्यात मोडतात त्या मोठ्या कुलाचा) मूलभूत शब्दसंग्रह हे दोन्ही महाजालावर विनामूल्य पाहता येतात. माल्कम रॉस, अँड्र्यू पॉली आणि मेरेडिथ ऑस्मंड यांनी १९९८ पासून विषयवार खंडांत प्रसिद्ध केलेला आद्य-ओशियानिक शब्दसंग्रह मात्र स्वतःची मांडणी झाल्यावरच उघडावा. आधी उत्तर पाहिले की हात शिकत नाही.

लिपीआड दडलेले ध्वनी ओळखणे

नवशिक्यांचा सर्वाधिक वेळ येथे वाया जातो. या भाषा रोमन लिपीत लिहिल्या जातात, पण एकच अक्षर प्रत्येक भाषेत निराळा ध्वनी दाखवते. फिजीयन लिपी १८३० च्या दशकात डेव्हिड कारगिल आणि विल्यम क्रॉस या मिशनऱ्यांनी बसवली, आणि तिच्यात ‘बी’ म्हणजे म्ब, ‘डी’ म्हणजे न्द, ‘क्यू’ म्हणजे ङ्ग, ‘जी’ म्हणजे केवळ ङ, तर ‘सी’ म्हणजे इंग्रजी ‘दॅट’ च्या आरंभी येणारा घर्षक ध्वनी. सामोअन लिपीतही ‘जी’ म्हणजे ङ. माओरीत मात्र त्याच ध्वनीसाठी दोन अक्षरे येतात. फिजीयन लेखनपद्धत विचित्र वाटली तरी ध्वनीमागे एकच अक्षर हा तिचा हिशेब चोख आहे. म्हणून शब्द उतरवून घेताना प्रत्येकाचे प्रथम ध्वनिलेखन करावे आणि मूळ वर्णलेखन दुसऱ्या स्तंभात ठेवावे.

या लेखात ङ हा स्वतंत्र व्यंजन म्हणून वाचावा. घशात श्वास क्षणभर अडवून सोडल्यावर होणारा कंठद्वारीय स्पर्श ऽ या चिन्हाने, फिजीयन घर्षक द़ ने, आणि आद्यभाषेतील दोन विशेष व्यंजने क़ व ऱ यांनी दाखवली आहेत. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नाही. शब्दाच्या आधी येणाऱ्या * या चिन्हाचा अर्थ तो शब्द कुठेही नोंदलेला नसून अनुमानाने मांडलेला आहे, असा होतो.

शब्दकोशातील आणखी एक सापळा व्याकरणाचा आहे. ओशियानिक भाषांत शरीराचे अवयव आणि नातेवाईक यांची नावे बहुधा मालकदर्शक प्रत्ययाशिवाय येत नाहीत. मोटूमध्ये कान म्हणून ‘ताइआना’ असे रूप दिलेले आढळेल. त्यातील ‘-ना’ म्हणजे ‘त्याचा’, आणि तुलनेसाठी घ्यायचा भाग फक्त ‘ताइआ’. ‘माझा डोळा’ हे मोटूत ‘मातागु’ आणि फिजीयनमध्ये ‘माताङ्गु’ होते, ज्यावरून आद्यभाषेतील *-गु हा प्रत्ययही हाती लागतो. प्रत्यय न सोडवता शब्द रांगेत मांडले, तर पुढचे सारे गणित चुकते.

रांग लावणे आणि फरक वाचणे

आता एका अर्थाचे शब्द एका ओळीत ठेवावेत. क्रम मोटू, फिजीयन, टोंगन, सामोअन, माओरी, हवाईयन असा आहे.

दोन: रुआ, रुआ, उआ, लुआ, रुआ, लुआ
तीन: तोइ, तोलु, तोलु, तोलु, तोरु, कोलु
सात: हितु, वितु, फितु, फितु, फितु, हिकु
ऊ (केसांतला कीटक): उतु, कुतु, कुतु, ऽउतु, कुतु, ऽउकु

ओळी आडव्या वाचू नयेत, उभ्या वाचाव्यात. हवाईयन स्तंभात जेथे क आहे तेथे इतरत्र त दिसतो, आणि जेथे इतरत्र क आहे तेथे हवाईयनमध्ये कंठद्वारीय स्पर्श आहे. म्हणजे तेथे त चा क झाला आणि जुन्या क चा ऽ झाला. युकुलेली या वाद्याच्या नावातील पहिला घटक हाच ‘ऽउकु’ असून ‘लेले’ म्हणजे उडी मारणे. तो *कुतु पासून आला आहे हे नियम ठाऊक नसेल तर कानाला कधीही पटणार नाही. मोटूत क गळतो, हेही याच ओळीवरून दिसते. ते लक्षात ठेवावे, पुढे उपयोगी पडेल. मोटू ‘तोइ’ मधील अंत्य इ या नियमांत बसत नाही. असा अवशेष खोडून न टाकता वेगळ्या स्तंभात नोंदवावा.

खरा कस लागतो तो र आणि ल यांच्या बाबतीत. सामोअन व हवाईयन या दोन्हींत दोन्ही जागी ल आहे, माओरीत दोन्ही जागी र आहे. केवळ या तीन भाषा पाहिल्या तर आद्यभाषेत एकच ध्वनी होता असे वाटेल. पण टोंगनमध्ये ‘दोन’ मधील व्यंजन गळले आहे आणि ‘तीन’ मधील ल टिकला आहे. फिजीयनमध्ये एका ठिकाणी र, दुसऱ्या ठिकाणी ल. येथे लगेच दोन ध्वनी मानू नयेत. आधी परिसर तपासावा: शब्दारंभी गळतो आणि मध्ये टिकतो, असा नियम असू शकेल का? त्यासाठी शब्दारंभी, त्याच स्वरापूर्वी येणारी दोन उदाहरणे शोधावी लागतात. आकाश म्हणजे सामोअन ‘लाङि’ आणि टोंगनमध्येही ‘लाङि’. मशाल म्हणजे सामोअन ‘लामा’, पण टोंगनमध्ये ‘आमा’. दोन्हींत व्यंजन शब्दारंभी आहे आणि पुढे आ आहे, तरी परिणाम भिन्न. परिसराने फरक उलगडत नाही, तेव्हा दोन स्वतंत्र व्यंजने मानणे भाग पडते: *रुआ, *तोलु. बहुसंख्य भाषा एकत्र झालेले ध्वनी दाखवत असल्या तरी कौल फरक जपणाऱ्या अल्पसंख्य भाषेच्या बाजूने द्यावा लागतो, कारण एकदा मिसळलेले ध्वनी पुन्हा नेमके जुन्याच शब्दांत वेगळे होणे शक्य नसते. मतदानाची सवय येथे सोडून द्यावी.

ओष्ठ्य व्यंजनांतही असाच भेद मिळतो. ‘सात’ मध्ये फिजीयन व, पॉलिनेशियन फ किंवा ह, मोटू ह. त्याच्या शेजारी निषिद्ध या अर्थाचा शब्द ठेवावा: फिजीयन ‘ताम्बु’, टोंगन, सामोअन व माओरी ‘तापु’, हवाईयन ‘कापु’. हा शब्द कॅप्टन कुकने १७७७ मध्ये टोंगात ऐकून इंग्रजीत नेला आणि तेथून तो ‘टॅबू’ होऊन मराठी वर्तमानपत्रांत आला. रात्रीसाठी फिजीयन ‘म्बोङि’, मोटू ‘बोइ’ आणि टोंगन ‘पो’ आहेत. ‘पो’ चा तुटलेला शेवट टोंगनमध्ये सकाळ या अर्थाच्या ‘पोङिपोङि’ त शाबूत आहे. तेव्हा *पितु मधला *प आणि *ताबु, *बोङि यांतला *ब हे वेगळे होते, आणि फिजीयनच्या साक्षीवरून *ब उच्चारताना आधी अनुनासिक येत असावे. माओरीत या दोहोंची फ आणि प अशी रूपे झाली, म्हणजे ध्वनी बदलले तरी भेद राहिला.

कंठद्वारीय स्पर्शाविषयी सावध राहावे. सामोअनमधील ऽ हा जुन्या *क पासून आलेला आहे, तर टोंगनमधील ऽ हा *क़ पासून. यकृत म्हणजे टोंगन ‘ऽआते’, सामोअन ‘आते’, हवाईयन ‘आके’, मूळ *क़ाते. चिन्ह तेच दिसले म्हणून सामोअन आणि टोंगन स्पर्श एका स्तंभात टाकणे हा दोष अगदी सहज घडतो, शिवाय छापील मजकुरात हे चिन्ह पुष्कळदा गाळलेलेच असते.

गळालेले शेवट परत मिळवणे

बहुतेक ओशियानिक भाषांत शब्दान्तीचे व्यंजन गळाले आहे, आणि माझ्या मते या अभ्यासातील सर्वांत समाधान देणारा भाग ते शोधण्याचा आहे. रडणे म्हणजे फिजीयन, सामोअन, माओरी या तिन्हींत ‘ताङि’. केवळ ही रूपे पाहून *ताङि असे लिहिता येईल, पण ते चुकेल. क्रियापदाला पुढे प्रत्यय लागला की एक व्यंजन अचानक प्रकट होते: फिजीयन ‘ताङिद़ा’ (कोणासाठी रडणे), सामोअन ‘ताङिसिआ’, माओरी ‘ताङिहिआ’. द़, स आणि ह ही जुळणी *स ची आहे. प्रत्ययाच्या आडोशाला राहिल्यामुळे तो *स वाचला. एकट्या शब्दाच्या शेवटी असलेला गेला. म्हणून *ताङिस्, आणि मलय व तागालोग भाषांतील ‘ताङिस’ हे रूप त्याला बाहेरून दुजोरा देते. पिणे या अर्थाचे ‘इनु’ आणि त्याचे सामोअन व माओरी कर्मणी रूप ‘इनुमिआ’ यांवरून *इनुम् मिळतो. तागालोगमध्ये ‘इनुम’, मलयमध्ये ‘मिनुम’.

हा पुरावा आंधळेपणाने घेऊ नये. आजच्या माओरीत ‘-तिआ’ हा प्रत्यय अनेक क्रियापदांना सरसकट लावला जातो, त्यामुळे एकाच भाषेतील त वरून मूळ *त् मानणे धोक्याचे आहे. दोन दूरच्या भाषांत नियमाने जुळणारे व्यंजन मिळाले तरच ते स्वीकारावे. नामांना असे प्रत्यय लागत नाहीत, तेव्हा ‘लाङि’ सारख्या शब्दाचा शेवट या सहा भाषांतून मिळणार नाही. तेथे अंत्य व्यंजन जपणाऱ्या ओशियानिक भाषा शोधाव्यात किंवा मलय व तागालोग ‘लाङित’ यांचा आधार घ्यावा. निर्णय होत नसेल तर ते व्यंजन साध्या कंसात लिहिण्याचा संकेत आहे. चौकोनी कंसाचा अर्थ वेगळा, म्हणजे शब्दाची त्या ध्वनीसह आणि त्याविना अशी दोन्ही रूपे मांडता येतात.

बाहेरच्या भाषांशी ताडून पाहणे

जर्मन वैद्य आणि भाषाभ्यासक ओटो डेम्पव्होल्फ यांनी १९३४ ते १९३८ या काळात ऑस्ट्रोनेशियन ध्वनींचा तौलनिक ग्रंथ तीन खंडांत प्रसिद्ध केला आणि मेलानेशिया, मायक्रोनेशिया व पॉलिनेशियातील बहुसंख्य भाषांत काही बदल समान असल्याचे दाखवले. आपली मांडणी या बदलांशी ताडावी. जुन्या अस्पष्ट मध्यस्वराचा ओ होतो: सहा म्हणजे मलय ‘अनम’, तागालोग ‘अनिम’, पण फिजीपासून हवाईपर्यंत ‘ओनो’, मूळ *ओनोम्. शब्दान्तीच्या आय् चा ए होतो: तागालोग ‘आताय’, ओशियानिक *क़ाते. जुने प आणि ब एकत्र होऊन *प होतो. एखाद्या शब्दात हे बदल झालेले नसतील तर मांडणीत कुठेतरी चूक आहे, किंवा तो शब्द नंतर आत आला आहे.

मराठी वाचकाला येथे एका अधिक सावधगिरीची गरज आहे. मलयमधील ‘बहासा’ किंवा ‘कपाला’ पाहून आपल्याला भाषा आणि कपाल ओळखू येतात, आणि ते खरेच संस्कृतातून गेलेले आहेत. पण ओशियानिक शाखा त्याआधी कित्येक शतके पूर्वेकडे निघून गेलेली होती. अशा शब्दांना तुलनेत जागा देऊ नये.

उसने शब्द वेगळे काढणे

उसना शब्द बहुधा नियम मोडून स्वतःला उघड करतो. फिजीच्या उत्तरेकडील रोटुमा बेटाच्या रोटुमन भाषेत मूळ *त चा फ होतो: तीन म्हणजे ‘फोलु’, सात म्हणजे ‘हिफु’. त्याच भाषेत अनेक शब्दांत त तसाच दिसतो, आणि बिग्ज यांनी १९६५ मध्ये दाखवून दिले की हा दुसरा थर शेजारच्या पॉलिनेशियन भाषांतून आलेला आहे. पण नियम न मोडणारे उसने शब्दही असतात. रताळे म्हणजे माओरी ‘कुमारा’, टोंगन ‘कुमाला’, सामोअन ‘ऽउमाला’. ध्वनी अचूक जुळतात, तरी हे कंद दक्षिण अमेरिकेतून पॅसिफिकमध्ये आले असल्याने तो शब्द आद्य-ओशियानिक असूच शकत नाही. ध्वनिनियमांइतकेच वस्तूच्या इतिहासाचे ज्ञान लागते ते यासाठी.

अर्थ ठरवणे

रूप मिळाले की काम निम्मे झाले. मोटू ‘हानुआ’ म्हणजे गाव (पोर्ट मोर्स्बीतील हानुआबादा म्हणजे मोठे गाव), फिजीयन ‘वानुआ’ म्हणजे भूमी आणि तिच्यावरचा समाज, माओरी ‘फेनुआ’ म्हणजे भूमी आणि प्रसूतीनंतर पडणारी वारही, हवाईयन ‘होनुआ’ म्हणजे पृथ्वी. १९८० मध्ये स्वतंत्र झालेल्या व्हानुआतूच्या नावातही हाच शब्द आहे. सर्वांत व्यापक अर्थ निवडणे सोपे, पण बहुधा चुकीचे असते. गाव, जमीन आणि माणसे हे तिन्ही अर्थ ज्यातून सहज फुटतील असा, म्हणजे ‘लोकवस्ती असलेला मुलूख’, असा अर्थ *पानुआ ला देतात. घरासाठी *ऱुमाक़् (मोटू ‘रुमा’, मलय ‘रुमाह’) आणि *पाले (फिजीयन ‘वाले’, सामोअन ‘फाले’, हवाईयन ‘हाले’) असे दोन शब्द मिळतात. अशा वेळी एक खरा आणि दुसरा खोटा असे न मानता दोघांतला भेद शोधावा: पहिला राहते घर, दुसरा बाजूंनी उघडी असलेली इमारत.

नोंद लिहिणे

शेवटी एक शब्द स्वतः सोडवून नोंद कशी लिहावी ते पाहावे. स्वयंपाकाचे मडके म्हणजे फिजीयन ‘कुरो’, मोटू ‘उरो’, टोंगन ‘कुलो’. मोटूत क गळतो हे ‘उतु’ वरून ठाऊक आहे, म्हणून पहिला ध्वनी *क. फिजीयन आणि मोटू दोन्हींत र, म्हणून *र. दोन मुख्य शाखांची साक्ष असल्याने शब्द आद्य-ओशियानिक धरता येतो, आणि लापिता लोक भांडी घडवत होते हे उत्खननाने सिद्धच असल्याने अर्थालाही हरकत नाही. राहिले टोंगन. तेथे *र गळायला हवा होता, म्हणजे अपेक्षित रूप ‘कुओ’. प्रत्यक्षात ल आहे. हा शब्द वारशाने न येता शेजारच्या फिजीतून घेतला असावा, म्हणून त्याला साक्षीदारांच्या रांगेत न ठेवता संशयित उसना अशा शेऱ्यासह खाली नोंदवावे. अंत्य व्यंजनाविषयी या तीन भाषा काहीच सांगत नाहीत, म्हणून इतर भाषांवरून सुचणारा न् कंसात ठेवावा. नोंद अशी होईल: *कुरो(न्), स्वयंपाकाचे मडके, पश्चिम ओशियानिक: मोटू उरो, मध्य पॅसिफिक: फिजीयन कुरो, संशयित उसना: टोंगन कुलो. कंसातील न् कोणत्या भाषेच्या आधारावर ठेवायचा की काढायचा, हे ठरवण्यासाठी पुढची पाहणी अंत्य व्यंजने जपणाऱ्या भाषांच्या शब्दकोशांत करावी.